खिरीवरून फिरलेला हात

माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला नख नाही. नखाच्या जागी वाळलेल्या वालासारखं काहीतरी उगवलेलं आहे, वाकडं आणि टणक. कोणी विचारलं तर विळ्यानं गेलं असं मी सांगत आलो. विळ्यानं गेलेलं नाही. कसं गेलं ते माझ्या बायकोला माहीत होतं, एका डॉक्टरीणबाईंना माहीत होतं आणि मला माहीत आहे. बायको आता नाही. बाई कुठं असतील ठाऊक नाही. म्हणून लिहायला बसलो. शाळा माझी चौथीची, तीही पुरी नाही, तेव्हा जोडाक्षरं वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावीत.

मी आचारी होतो. साधासुधा नव्हे. कर्जतच्या भिसेगावापासून इकडं खालापूरपर्यंत आमच्या लोकांत लग्न निघालं की आधी मला मोकळा दिवस कधी ते विचारायचे, मग नवरदेवाच्या मामाला. तरुणपणी खोपोलीला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासायला लागलो होतो. सहा वर्षं भांडी घासली आणि घासता घासता चुलीकडं बघून सगळं शिकलो. तिथल्या मोठ्या आचाऱ्यानं मला कधी भरल्या कढईला हात लावू दिला नाही. रिकामी झाली की माझ्याकडं सरकवायचा. माझं गाव आणि गावातली आमची आळी कुठली हे त्याला ठाऊक होतं. छप्पन साली आमच्या लोकांनी धम्म घेतला, घरातले जुने देव नदीत गेले, पण त्या कढईचं काही बदललं नाही. मी नोकरी सोडून गावी आलो ते एकच गोष्ट मनाशी धरून. एक दिवस माझ्या हातचं सगळ्या गावाला खायला लावीन.

आम्हा आचाऱ्यांचा एक शब्द आहे, हात फिरवणं. भाजी उतरवली, भात निवला, की शेवटी आचारी त्यात हात घालतो. मीठ सगळीकडं पोचलं का, गुठळी राहिली का, हे डावाला कळत नाही, हाताला कळतं. बायका म्हणायच्या, "त्यानं नुसता हात फिरवला तरी जेवन व्हतं बाय." मला ते ऐकायला आवडायचं. आवडायचं काय, त्याच्यावरच मी जगत होतो.

माझ्या खिरीला तर हाताशिवाय इलाज नव्हता. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर असते. मी ती तांदळाच्या कणीची करायचो, दुधातली, आणि गोडाला गूळच. साखरेची खीर मला आजाऱ्याच्या पेजेसारखी वाटायची. पण उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटतं. म्हणून कणी दुधात गळेपर्यंत शिजवायची, पातेलं उतरवायचं, खीर कोमट होऊ द्यायची आणि मग किसलेला गूळ मूठमूठ टाकत कोपरापर्यंत हात घालून फिरवायचं. एकदा गूळ पडला की पातेलं परत चुलीवर चढवायचं नाही. वर ओलं फडकं, त्यावर ताट, आणि सावलीत चार-पाच तास मुरू द्यायचं. हे सगळं मी माझ्या डोक्यानं काढलं होतं. कोणी शिकवलेलं नाही. म्हणून कोणी त्यात बोललेलं मला खपायचं नाही.

खपायचं फक्त एकीचं. आम्हाला दोन मुलगे आणि त्यांच्या पाठीवर एक मुलगी. पाच वर्षांची होती. मी खिरीत हात फिरवत असलो की आपली पितळी वाटी घेऊन समोर उकिडवी बसायची. मी पहिली वाटी तिला द्यायचो आणि विचारायचो, "बाय, काय कमी हाय?"

ती वाटी चाटूनपुसून पुढं करायची आणि म्हणायची, "आनखी कमी हाय."

गूळ कमी नाही, वेलची कमी नाही. आनखी कमी हाय. बायको हसायची. "बापासारखीच हाय. एका वाटीनं पोट नाय भरत हिचं."

त्या वर्षी फाल्गुनात तिला गोवर येऊन गेला होता. वाचली, पण पार वाळली. फ्रॉक खांद्यावरून घसरायचा. चैत्र सरता सरता जरा खाऊ लागली आणि एक दिवस करवंदांसाठी हट्ट धरला. मी तिला खांद्यावर घेऊन कोंडाण्याच्या लेण्यांच्या अंगाला डोंगरात गेलो. करवंदं काढताना जाळीतला काटा माझ्या बोटात नखाच्या कडेला घुसला आणि मोडला. तेव्हा काही वाटलं नाही. आठवड्यानं बोट फुगलं, ठणकायला लागलं. नखुरडं झालं. बायकोनं हळद-तेलाची पोटीस बांधली. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ते फुटलं आणि पू वाहायला लागला. ठणका थांबला. मी म्हटलं, झालं बरं. घाण बाहेर पडली.

पौर्णिमेला उजाडताच विहारामागं चूल लावली. त्या वर्षीची पौर्णिमा वेगळी होती. वरच्या आळीतले, म्हणजे आमच्या गावातले पिढ्यान्‌पिढ्यांचे भातशेतीवाले, त्यांच्यातले पाच-सहा जण जेवायला येतो म्हणाले होते. शेतावर आम्ही त्यांच्यासोबत चिखलात उभे असायचो, पण त्यांच्यातल्या कोणी आमच्या घरात पाण्याचा घोट घेतलेला मी पाहिला नव्हता. त्यातला एक म्हातारा, त्याच्या बांधाला माझा बांध लागून, आदल्या दिवशी मला म्हणाला होता, "येतो रं. तुज्या खिरीचं लय ऐकून हाय. बगू तरी कशी हाय."

कणी शिजली, पातेलं उतरवलं, खीर निवत होती. मी बोटावरची चिंधी सोडली. बायको गूळ किसत बसली होती. तिनं पाहिलं.

"अवो, ह्या हातानं फिरवनार हाव?"

"मग काय पायानं फिरवू?"

"आजचा दिस डावानं ढवळा."

"डावानं गूळ मिळत नाय. आन आजच डावानं ढवळू? वरची आळी येनार हाय तवाच?"

"मग चिंधी तरी राहू द्या."

"येडी का काय तू? चिंधी खिरीत पडली तर मानसं काय म्हंतील?"

हे मी स्वच्छतेसाठी केलं. खरं सांगतो. चिंधी मळकी होती म्हणून सोडली, हात विहिरीच्या पाण्यानं धुतला, झटकला आणि कोमट खिरीत घातला. कोमट खिरीनं बोटाला शेक मिळाला, बरं वाटलं. ते बरं वाटलेलं मला अजून आठवतं.

मुलगी वाटी घेऊन बसलीच होती. पहिली वाटी तिची. मग दुसरी. त्या वेळी तिला काही झालं नाही. का झालं नाही ते पुढं कळलं. पातेल्यावर ओलं फडकं टाकलं आणि आम्ही सगळे वंदनेला, मग मिरवणुकीला गेलो. वैशाखाचं ऊन. पातेलं सावलीत होतं, पण सावलीतही अंग भाजत होतं. पंगत बसली तेव्हा सूर्य डोक्यावरून कलला होता. मी पातेल्याचं फडकं काढलं, वास घेतला, चव घेतली. आंबली नव्हती. नासल्या अन्नाला सुटते तशी तार नव्हती. उलट इतकी छान मुरलेली की मीच मान डोलावली.

वरच्या आळीतला तो म्हातारा पंगतीत बसला, आमच्या पोरांच्या शेजारी. दोन वाट्या खाल्ल्या. मिशी पुसत म्हणाला, "हाताला चव हाय रं तुज्या."

सगळ्यांनी ऐकलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं वाक्य. मी आत गेलो, भिंतीकडं तोंड केलं आणि डोळे पुसले. मुलीनं पंगतीत परत दोन वाट्या खाल्ल्या.

ऊन उतरायच्या आत सुरुवात झाली. आधी शेजारची दोन पोरं, मग मोठी माणसं, मग आमची. पोटात कळ यायची आणि ओकारी. ओकारी थांबली की जुलाब. मलाही झालं. घराघरातून तोच आवाज यायला लागला. आमच्या आळीतली निम्मी माणसं तरी अंगणात वाकून उभी होती. मी चुलीपाशी पोट धरून बसलो होतो आणि वाटेवरून वरच्या आळीचा कोणीतरी जाता जाता बोलला. मला दिसावं म्हणून नव्हे, ऐकू यावं म्हणून बोलला. "यांच्या हातचं खाल्लं ना? आता भोगा."

ते माझ्या कानात शिरलं आणि तिथंच बसलं.

दिवस असतानाच सरकारी दवाखान्याची जीप आली. कर्जतहून कोणीतरी बोलावली होती. तिच्यातून एक डॉक्टरीणबाई उतरल्या, पंचविशीच्या, वेणी घातलेल्या. घरोघर गेल्या. कोणी काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, ओकारी कधी लागली, हे विचारत बोटांवर तास मोजत होत्या. मग विहारामागं आल्या. पातेल्यात तळाला खीर होती ती पाहिली.

"कधी उतरवलं होतं हे?"

"सकाळी."

"आणि खाल्लं दुपारी. मधे परत गरम केलं?"

"गुळाची खीर परत गरम करत नाय."

"ढवळली कशानं?"

"हातानं. माझी तशीच रीत हाय."

"हात बघू."

मी हात पुढं केला. त्यांनी माझं मनगट धरलं. बोट डोळ्यांजवळ नेलं. सरकारी माणसानं माझा हात असा धरलेला मी पहिल्यांदा पाहिला. मग त्या म्हणाल्या, "तुमच्या हातातून गेलंय हे."

आता हे नीट सांगायला पाहिजे. तोवर मला कोणी सरकारी माणूस 'अहो' म्हणालेला नव्हता. तलाठी 'ए' म्हणायचा, फॉरेस्टवाला 'तू' म्हणायचा. 'तुमच्या' हा शब्द आमच्या कानावर यायचा तो कायम सगळ्यांना मिळून. तुमच्या आळीत. तुमच्या विहिरीवर. तुमच्या लोकांत. एकट्या माणसाला मान देऊनही 'तुमच्या' म्हणतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माझ्यासाठी तो शब्द कोणी तसा वापरील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि वाटेवरचं ते बोलणं कानात बसलेलंच होतं. बाईंनी मला मान दिला, आणि मला ऐकू आलं की आमच्या सगळ्यांच्या हाताला दोष दिला.

मी हात हिसकला. "आमच्या हातातून? बाई, तुमच्या हाताला पाच बोटं, आमच्या हाताला बी पाचच हायत."

त्या गोंधळल्या. "अहो, मी तुमच्या बोटाचं बोलतेय. पू आहे त्यात."

"आमच्या बोटाचंच बोलतात सगळे."

"मागच्या महिन्यात दुसऱ्या गावी मोठ्या घरच्या लग्नात हेच झालं. तिथल्या आचाऱ्याच्या मनगटाला गळू होतं. त्यालाही मी हेच सांगितलं."

मला वाटलं, ही मला गोड बोलून गप्प करते. मी तोंड फिरवलं.

बाई माझ्या मागोमाग घरी आल्या. मुलगी बायकोच्या मांडीवर होती. बाईंनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती वर तशीच उभी राहिली. बाईंचा चेहरा बदलला. "हिला आत्ता माझ्यासोबत जीपमधून द्या. दवाखान्यात सलाईन लावावं लागेल. आणि तोवर पाणी तोडू नका. घोट घोट पाजत राहा. ओकली तरी पाजा."

बायको उठायला लागली. मी दारात उभा राहिलो.

"आमची पोर आमी सांभाळू."

"अवो, जाऊ द्या ना..." बायको म्हणाली.

"बस खाली. ज्यांना आमच्या हाताचा विटाळ, त्यांच्या हातात मी पोर देऊ?"

बाईंनी हात जोडले. खरंच जोडले. "विटाळ नाही हो. पोर लहान आहे." मी हललो नाही. जीपमधून चार पोरं गेली. ती चारही तिसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी आली.

पाण्याचंही मी ऐकलं नाही. माझ्या आईनं आम्हाला असंच वाढवलेलं. ओकारी लागली की पाणी तोडायचं, पोट कोरडं पडलं की आपोआप थांबतं. मुलगी मागत होती. "बा, पानी." मी म्हणायचो, "थांब बाय. पोटाला उसंत पडू दे." बायकोनं तांब्या उचलला. मी तिच्या हातातून काढून घेतला आणि फळीवर ठेवला. "पानी दिलंस तर पोर हातची जाईल," असं मी तिला बोललो. हेच शब्द. पुढं मी जन्मभर ते परत घ्यायला बघत होतो.

रात्र कशी गेली ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे डोळे खोल गेले होते. रडत होती पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं. मग रडायचीही थांबली. ओकारी थांबली होती. मी बायकोला म्हटलं, "बग, थांबली ना ओकारी?" हात-पाय गार लागत होते. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत होतो, त्याच हातानं. फिरवता फिरवता कधीतरी ती गेली. मला कळायच्या आधी माझ्या हाताला कळलं.

मुलगे मोठे होते, ते सावरले. गावात दुसरं कोणी गेलं नाही. तीन दिवसांनी वरच्या आळीतला तो म्हातारा भिंतीला धरत धरत आमच्या दारी आला. तोही आजारी होता. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "घोटभर पानी दे रं." बायकोनं तांब्या दिला. तो आमच्या घरचं पाणी प्याला. ज्या गोष्टीसाठी मी जगलो ती अशी माझ्या ओट्यावर घडली, आणि मला काहीही वाटलं नाही. नख पुढं पावसाळ्यात गळून पडलं.

मी आचाऱ्याचं काम सोडलं. लोक विचारायचे, मी म्हणायचो, कंबर धरते. पोशीरच्या बाजूला एका भातगिरणीवर पोती उचलायला जायला लागलो. कंबर धरते म्हणणारा माणूस पोती उचलतो, पण कोणी हसलं नाही. बायको बोलायची, चालायची, रांधायची. पण दोन गोष्टी बदलल्या. पौर्णिमेला ती विहारात जायची, खीर घ्यायची नाही. आणि माझ्यासमोर पाणी प्यायची नाही. तहान लागली की तांब्या घेऊन मागच्या दारी जायची. मला वाटायचं, माझ्यावर राग आहे. असणारच. मी विचारलं नाही. बाईंचं म्हणणं खोटं होतं, असंच मी स्वतःला सांगत राहिलो. खरं मानलं असतं तर मला श्वास घेता आला नसता.

अशी सात-आठ वर्षं गेली. एकदा शाळेच्या ओट्यावर आरोग्य केंद्राची नर्स आली. बायकांना जमवलं होतं, आम्ही पुरुष मागं खांबाला टेकून उभे. नर्सनं स्टोव्हवर पाणी उकळून निववलं, लिटरभर मापलं, सहा सपाट चमचे साखर घातली, अर्धा चमचा मीठ. चाखून म्हणाली, "डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं आणि नवं करायचं." मग हातांचं सांगायला लागली. साबणानं धुवा. शिजलेलं अन्न कोमट ठेवू नका, एक तर वाफा येईतो गरम, नाहीतर लगेच संपवा. "आणि ज्याच्या बोटाला जखम, पू, गळू, त्यानं स्वयंपाकाला हात लावायचा नाही. मग तो कोणीही असो."

 मी मागून विचारलं, "बाई, त्या पुवाचं अन्न परत उकळलं तर?"

"उपयोग नाही, काका. जंतू मरतात. पण कोमट अन्नात चार-पाच तासांत त्यांनी जे विष सोडलेलं असतं, ते उकळूनही जात नाही. वास येत नाही, चव बदलत नाही. ताजं ताजं खाल्लं असतं तर कदाचित काही झालं नसतं."

सकाळच्या दोन वाट्या मला आठवल्या. आणि दुपारच्या दोन.

एवढ्यात बायकांतून माझी बायको उभी राहिली. ती चारचौघांत कधी बोलायची नाही. म्हणाली, "ताई, वकाऱ्या व्हतात तवा पानी दिलं तर पोर मरतं का?"

"पाणी न दिल्यानं मरतं, मावशी."

बायको खाली बसली नाही. चपला न घालताच ओट्यावरून उतरली आणि चालायला लागली. मी तिच्या चपला उचलून मागं गेलो. बांधावर तिला गाठलं. ती आंब्याखाली बसली होती.

"अवो," ती म्हणाली, "मंजे मी नाय मारली तिला?"

मला कळेना. "तू? तू कशाला मारशील?"

"मी पानी दिलं व्हतं. तुमी भायेर मानसांशी बोलाया गेलाव तवा. चमच्यानं. पाच चमचे." तिनं पाच बोटं दाखवली. "लय गोड लागलं तिला. पाचव्या चमच्याला म्हनाली, आनखी कमी हाय. मी सावा चमचा भरला आन तुमची चाहूल लागली. मी तांब्या पदराखाली घेतला. तुमी म्हनाला व्हता ना, पानी दिलंस तर पोर हातची जाईल. सकाळी गेली. मला वाटलं, माज्या पाच चमच्यांनी गेली."

सात-आठ वर्षं. एका घरात, एका चुलीपाशी. मी समजत होतो की ती माझ्यावर रागावली आहे, आणि ती स्वतःला खुनी समजून मागच्या दारी पाणी पीत होती.

मी उठलो. बांधावरून विहिरीपर्यंत गेलो, परत आलो. परत गेलो. इतकी वर्षं बंद ठेवलेलं तोंड सहज उघडत नाही. मग तिच्यासमोर खाली बसलो, मातीत.

"तुज्या पान्यानं नाय गेली. त्या पाच चमच्यांनी ती सकाळपत्तुर टिकली असंल. माज्यामुळं गेली. ती डॉक्टरीण माज्या बोटाचं बोलत व्हती. मला वाटलं, आपल्या लोकांचं बोलतीय."

"मला तवाच कळलं व्हतं, बोटाचं बोलतीय ते."

"मग बोलली का नाय?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "बोलली व्हती. तुमी म्हनालाव, बस खाली."

 घरी आल्यावर तिनं माठातून तांब्या भरला आणि माझ्यासमोर उभं राहून प्याली.

मी त्याच आठवड्यात कर्जतला दवाखान्यात गेलो. त्या बाईंची कधीच बदली झाली होती. कुठं, ते टेबलावरच्या माणसाला माहीत नव्हतं. त्यानं विचारलं, "काय काम होतं?"

"हात दाखवायचा होता."

"काय झालंय हाताला?"

मी म्हटलं, "आता काय नाय." आणि परत आलो. त्यांनी मला 'तुम्ही' म्हटलं होतं, एवढं तरी मला समजलं, हे त्यांना सांगायचं राहिलं.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला मी चूल परत लावली. कोणी बोलावलं नव्हतं. मीच जाऊन उभा राहिलो. कामाला आलेल्या प्रत्येकाला साबण दिला आणि प्रत्येकाची दहाच्या दहा बोटं बघितली. एका बाईच्या तळहाताला भाजलेला फोड फुटला होता. तिला म्हटलं, "तू आज नुसतं बसायचं, बाय. गानी म्हन." ती रुसली. रुसू दे. गूळ वेगळा उकळून पाक केला, गाळला. पंगत बसली तेव्हा खीर चुलीवर होती. ज्याची वाटी पुढं येईल त्यात चुलीवरची खीर लांब दांड्याच्या डावानं घातली आणि वर पाक सोडला. हात खिरीला लागू दिला नाही. लोक फुंकर मारत, जीभ भाजत खात होते आणि कुजबुजत होते. एक जण मोठ्यानं म्हणाला, "पहिली चव नाय राहिली रं आता तुज्या हाताला."

पूर्वी कोणी असं बोललं असतं तर मी डाव टाकून निघून गेलो असतो. मी म्हटलं, "नाय राहिली. खरं हाय."

त्यानंतर जितकी वर्षं उभं राहवलं तितकी वर्षं मी खीर अशीच केली. चव नाही असं सगळे म्हणत राहिले, आणि कोणी आजारी पडलं नाही.

पण त्या पहिल्या पौर्णिमेचं सांगायचं राहिलं. पहिली वाटी कोणाला द्यायची हे मला समजत नव्हतं. मी डाव भरून उभा राहिलो, आणि बायको समोर येऊन उकिडवी बसली. तिच्या हातात ती पितळी वाटी होती. इतकी वर्षं कुठं ठेवली होती कोण जाणे. मी वाटी भरली. ती फुंकत फुंकत हळूहळू सगळी प्याली. मी विचारलं.

"काय कमी हाय?"

 तिनं रिकामी वाटी पुढं केली.